सगळं एका बटणावर

...आणि वर तो दुकानातला माणूस विचारतो काय, तर ‘सर, आपल्याला नेमकं काय काय कंट्रोल करायचंय?’

आता मला सांगा, पन्नाशी उलटलेल्या, घरात आई, बायको आणि चार रिमोट असलेल्या माणसाला हा प्रश्न विचारतात का कधी? काय काय कंट्रोल करायचंय म्हणे. अहो, करायचं पुष्कळ असतं हो, पण त्यासाठी कोणी विजेच्या सामानाच्या दुकानात येतं का? पण आमचा चष्मेवाला सरळ माणूस, तो म्हणाला, ‘टीव्ही.’ दुकानवाला म्हणाला, ‘फक्त टीव्ही?’ हा म्हणाला, ‘टीव्ही, त्याच्याखालचा तो चॅनेलचा डबा आणि डब्याखालची ती आवाजाची पट्टी.’ तसा तो गळ्यात ओळखपत्र अडकवलेला दुकानवाला हसला... कसा हसला सांगू? दाताचा डॉक्टर ‘आ करा’ म्हणतो, आत बघतो आणि मग काहीच न बोलता नुसता हसतो ना, तसा.

माणसाला टीव्ही लावायचा होता हो. बाकी काही नाही.

तुम्हाला सांगतो, हा चष्मेवाला कसा माणूस आहे ते आधी ऐका, म्हणजे त्या दुकानात त्याची काय गत झाली असेल ते कळेल. दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर त्याचं चष्म्याचं दुकान, अरुंद, एक माणूस आत आला की दुसऱ्यानं कडेला उभं राहायचं. दिवसभर हा लोकांच्या नाकावर ती जड गोल फ्रेम ठेवतो, तिच्यात भिंग घालतो, काढतो, दुसरं घालतो आणि विचारतो, ‘हे बरं... की हे बरं? पुन्हा बघा. हे... की हे?’ आणि मधल्या वेळात काय करतो, तर काचा पुसतो. मऊ फडकं, दोन बोटं, गोल गोल. काचेवर कोणाच्या अंगठ्याचा ठसा दिसला की याला मळमळतं. अतिशयोक्ती नाही, खरोखर मळमळतं. गिऱ्हाईक चष्मा काढून भिंगाला धरून पुढे करतं ना, तेव्हा हा हसतो, पण जेवण होईपर्यंत त्याच्या डोळ्यासमोरून तो ठसा जात नाही.

आणि अशा माणसाच्या घरात चार रिमोट. तुम्ही तुमच्या घरचा रिमोट कधी नीट बघितलाय? उजेडात धरून? नका बघू. त्या रबरी बटणांच्या मधल्या फटीत काय काय जाऊन बसलेलं असतं, ते काय आहे, कधीचं आहे, कोणाच्या ताटातलं आहे, काही विचारू नका. टीव्हीचा रिमोट प्लॅस्टिकच्या पिशवीत, का, तर खराब होऊ नये म्हणून, आणि ती पिशवी इतकी चिकट की रिमोट टेबलावरून उचलला की टेबलावरचं वर्तमानपत्रही बरोबर येतं. डब्याच्या रिमोटचं मागचं झाकण हरवलेलं, तिथं चिकटपट्टी, चिकटपट्टीच्या कडेनं काळा गोंद. पट्टीच्या रिमोटमधे सेल फुटलेला, आत पांढरी हिरवट भुकटी, बुरशी यावी तशी. आणि चौथा रिमोट... चौथा कशाचा आहे तेच घरात कोणाला माहीत नाही. टाकून द्यायची हिंमतही कोणाची होत नाही. समजा टाकला आणि घरातलं काहीतरी कायमचं बंद पडलं तर?

हे सगळं घडवून आणलं कोणी, तर याच्या मेहुण्यानं. बायकोचा धाकटा भाऊ. पाण्याचे पंप विकतो, पण जगात असं यंत्र नाही ज्यातलं त्याला कळत नाही. त्यानं भाचीच्या, म्हणजे याच्या मुलीच्या, नोकरीच्या आनंदात हा टीव्ही आणून दिला, डबा जोडला, पट्टी जोडली, टीव्ही भिंतीला असा गच्च बसवला की मागे बोट जाणार नाही, आणि म्हणाला, ‘भावजी, आता तुमचं घर म्हणजे थिएटर.’ थिएटरच. फरक एवढाच की थिएटरात सिनेमा लागतो.

कारण तो लावायचा कसा? आधी टीव्हीच्या रिमोटनं टीव्ही. मग डब्याच्या रिमोटनं डबा. मग पट्टी. मग टीव्हीला सांगायचं की बाबा रे, तू आता डब्याकडे बघ. मग पट्टीला सांगायचं की तू टीव्हीचं ऐक. आणि यातली एक पायरी चुकली की पुन्हा पहिल्यापासून. बायको शाळेत रसायनशास्त्र शिकवते, तिनं पहिल्या आठवड्यातच सांगून टाकलं, ‘अहो, याच्यापेक्षा प्रयोगशाळा बरी. तिथं निदान चुकलं की धूर तरी येतो.’ आणि याची आई... आईच्या एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं. तिला सगळे रिमोट सारखेच. ती हाताला लागेल तो उचलायची, कानाला लावायची आणि म्हणायची, ‘कोण बोलतंय?’

तरी चाललं असतं हो. माणूस टीव्हीवाचून मरत नाही. पण मुलीचा फोन आला.

आता ही मुलगी म्हणजे याची एकुलती एक. हिनं चष्म्याच्या दुकानात बसावं असं याच्या मनात होतं. नजर तीक्ष्ण, हात हलका. पण ती झाली व्हॉलीबॉलची पंच. खेळाडूसुद्धा नाही, पंच. याला तेच समजेना. हा तिला म्हणायचा, ‘अगं, दोन्ही बाजूंचा ओरडा खायचा, ही काय नोकरी आहे?’ ती म्हणायची, ‘तुम्ही एकदा येऊन बघा ना बाबा.’ हा म्हणायचा, ‘दुकान कोण बघणार?’ असं करत करत वर्षं गेली, हा कधी गेला नाही आणि ती बोलवायची थांबली. भांडण नाही, काही नाही. फोनवर दोघं हवापाण्याचं बोलायचे. ‘जेवलीस का?’ ‘जेवले. तुम्ही?’ ‘आम्हीही.’ झालं. आणि परवा तिचाच फोन, ‘बाबा, रविवारी फायनल आहे, मुख्य पंच मी आहे. तुम्हाला यायला नको. टीव्हीवर दाखवणार आहेत. मी उंच स्टँडवर उभी असते, जाळीच्या शेजारी. शोधायलाही लागणार नाही.’

तुम्हाला यायला नको, हे तिनं इतक्या सहज म्हटलं की फोन ठेवल्यावर हा बराच वेळ एकच भिंग पुसत बसला.

बायको म्हणाली, ‘हे बघा, रविवारी मला काही ऐकायचं नाही. एक बटण दाबलं की मुलगी दिसली पाहिजे. एक बटण.’

म्हणून आला हो तो दुकानात. माणसाला टीव्ही लावायचा होता. बाकी काही नाही.

तर दुकानवाल्यानं काचेच्या कपाटातून रिमोट काढून मांडले. एक साधा, जाडजूड, बटणं मोठी मोठी. एक मधला, वर छोटा पडदा असलेला. आणि एक काळा गुळगुळीत, ज्याच्यावर बटणच नाही. ‘हा बोलण्यावर चालतो सर.’ आणि मग तो दुकानवाला काय म्हणाला असेल? हातात एक घेतला, याच्यासमोर धरला, खाली ठेवला, दुसरा धरला आणि म्हणाला, ‘हा बरा वाटतो... की हा?’

चष्मेवाल्याच्या अंगावर काटा आला. हा प्रश्न आयुष्यभर त्यानं लोकांना विचारलेला, त्याला कोणी विचारलेला नव्हता. आणि त्याला पहिल्यांदा कळलं की त्या खुर्चीत बसलेली माणसं घाबरी का होतात, दोन्ही सारखंच दिसत असताना ‘दुसरं बरं’ असं घाईघाईनं का म्हणतात. तोही म्हणाला, ‘दुसरा.’ का, ते त्याला विचारू नका. दुकानवाला म्हणाला, ‘उत्तम निवड.’ पहिला म्हटलं असतं तरी उत्तमच म्हणाला असता. ‘आणि हा एका बटणावर चालेल?’ ‘एका बटणावर सर. फक्त आधी कोड भरायचे.’

फक्त. हा ‘फक्त’ शब्द आहे ना, तो ऐकला की तुम्ही दुकानातून पळ काढा. ‘फक्त जरासं टोचेल.’ ‘फक्त एक सही.’ ‘फक्त आधी कोड भरायचे.’

घरी आला, पुठ्ठ्याचं खोकं फोडलं. आत रिमोट चिमूटभर आणि माहितीपुस्तक हे एवढं. त्यात जगातल्या यच्चयावत टीव्ही कंपन्यांची नावं, मुंग्यांच्या अक्षरात. चष्मेवाला असूनही त्याला भिंग घ्यावं लागलं. आणि शेवटच्या पानापर्यंत याच्या टीव्हीच्या कंपनीचं नावच नाही. मेहुण्याला फोन. मेहुणा म्हणाला, ‘भावजी, ती कंपनी फार चांगली होती, म्हणूनच बंद पडली.’ मग पुस्तकात म्हणे, ज्यांचं नाव नाही त्यांनी काय करायचं, तर रिमोट टीव्हीवर रोखायचा, एक बटण धरून ठेवायचं, दुसरं दाबत राहायचं, आणि टीव्ही ज्या क्षणी आपोआप बंद होईल त्या क्षणी थांबायचं.

बसला. दोन्ही हातांत रिमोट धरून, टीव्हीवर रोखून, दाबतोय, दाबतोय... आई पलीकडून बघतेय. ती म्हणाली, ‘काय झालं रे त्याला?’ ‘कोणाला?’ ‘टीव्हीला. किती वेळ धमकावतोयस.’ हा दाबतच राहिला. अंगठा बधिर झाला. बायको भाजी चिरून, जेवून, वह्या तपासून झोपायला गेली. आणि एकदाचा टीव्ही बंद झाला हो. याला इतका आनंद झाला, इतका आनंद झाला की आनंदाच्या भरात अंगठा आणखी एकदा दाबला गेला आणि तो कोड निसटून पुढचा आला.

शी. म्हणजे शिसारी यावी असं आयुष्य.

दुसऱ्या दिवशी तो रिमोट परत. दुकानवाला म्हणाला, ‘मी म्हटलंच होतं, तुम्ही बोलणारा घ्या.’ कधी म्हटलं होतं? पण असू दे. काळा गुळगुळीत रिमोट घरी आला. त्याच्यावर ठसे इतके उमटायचे की चष्मेवाल्यानं तो फडक्यात धरूनच वापरायचं ठरवलं. त्याला सांगायचं, ‘टीव्ही लाव.’ हा म्हणाला, ‘टीव्ही लाव.’ रिमोट म्हणाला, ‘माफ करा, मला समजलं नाही.’ हा म्हणाला, ‘टी-व्ही ला-व.’ ‘माफ करा.’ हा दिवसभर गिऱ्हाइकांशी हळू बोलायची सवय असलेला माणूस, घसा खरवडून ओरडला. ‘माफ करा.’ आईनं कौतुकानं म्हटलं, ‘किती नम्र आहे.’

शेवटी यानं जुन्याच रिमोटनं टीव्ही लावला, तर बायको स्वयंपाकघरातून शाळेतल्या आवाजात म्हणाली, ‘अहो, बंद करा आता तो तमाशा,’ आणि टीव्ही फट्‌कन बंद झाला. तिचं ऐकलं. तिचं एकटीचंच ऐकायला लागला हो तो. ती शेजारणीशी फोनवर बोलताना म्हणाली, ‘जरा मोठ्यानं बोल गं,’ की इकडे पट्टी गरजायची. ती म्हणाली, ‘पुढचं सांग,’ की चॅनेल बदलायचं. चष्मेवाल्यानं दोन दिवस सहन केलं आणि मग एका संध्याकाळी तो रिमोट खोक्यात भरताना त्याच्याकडे बघून म्हणाला, ‘या घरात तिचं ऐकायला मी आहे. दुसरा नको.’

तिसऱ्यांदा दुकानात गेला तेव्हा त्या दुकानवाल्यानं याला बघून दिवा मालवल्यासारखा चेहरा केला. पण या वेळी बरोबर मेहुणा होता. मेहुण्यानं दुकानवाल्याला बाजूला सारलं, स्वतः कपाटात हात घातला आणि एक लांबट, करडा रिमोट काढला. ‘भावजी, तुमचं मुळातच चुकत होतं. तुम्ही यंत्राला धरून विचार करत होता. विचार कामाला धरून करायचा. टीव्ही बघणे, हे एक काम. त्याचं एक बटण. दाबलं की तिन्ही यंत्रं एकापाठोपाठ चालू. पुन्हा दाबलं की तिन्ही बंद.’ चष्मेवाल्याला हे पटलं. हे पटलं याचंच त्याला नंतर फार वाईट वाटलं.

मेहुण्यानं घरी येऊन सगळं भरलं. जुन्या रिमोटमधले चांगले सेल काढून नव्यात घातले, फुटलेले खिडकीतून फेकले, त्यांची भुकटी खिडकीच्या पडद्यावर. बोटं पँटला पुसली, त्याच बोटांनी याच्या आईच्या वाटीतला खाऊ उचलला. चष्मेवाल्यानं तोंड फिरवलं. आणि मग मेहुण्यानं रिमोट रोखला, बटण दाबलं... आणि तुम्हाला सांगतो, टीव्ही लागला. डबा लागला. पट्टी लागली. चित्र, आवाज, सगळं. बायकोनं टाळी वाजवली. आई म्हणाली, ‘आता कसं घर वाटतं.’ मेहुणा चपला घालता घालता म्हणाला, ‘भावजी, फक्त एक करा. दाबल्यावर थोडा वेळ तसाच धरून ठेवा, मधे कोणी येऊ देऊ नका.’

फक्त!

रविवार. सामना सुरू व्हायला आला. आई मधल्या खुर्चीत, बायको शेजारी, हा समोर उभा, रिमोट दोन्ही हातांत, आंघोळ करून, इस्त्रीचा सदरा घालून. घरच्या घरी टीव्ही बघायला इस्त्रीचा सदरा कोण घालतं? यानं घातला होता, आणि बायकोनं बघूनही काही विचारलं नाही. त्यानं बटण दाबलं. आणि नेमकी त्याच क्षणी बायको फडकं घेऊन उठली, टीव्हीवर कुठेतरी धूळ दिसली म्हणून, मधून गेली.

डबा लागला. पट्टी लागली. टीव्हीला काही कळलंच नाही. काळा कुळकुळीत पडदा आणि त्याच्यातून हजारो माणसांचा कल्लोळ.

आता तुम्ही म्हणाल, त्यात काय, पुन्हा दाबायचं. दाबलं ना. टीव्ही लागला, आणि डबा नि पट्टी बंद झाली. कारण त्या बटणाला काय, जो झोपलाय त्याला उठवायचं, जो जागा आहे त्याला झोपवायचं. निळा पडदा आणि स्मशानशांतता. पुन्हा दाबलं. आवाज आला, चित्र गेलं. पुन्हा. चित्र आलं, चित्र म्हणजे निळा पडदा, आणि आवाज गेला. तिघांपैकी कोणीतरी सदैव झोपलेलंच. जुने रिमोट शोधले, तर त्यांच्यात सेल नाहीत. टीव्हीच्या मागे एक बटण आहे म्हणे, पण मेहुण्यानं टीव्ही भिंतीला असा चिकटवलेला की मागे हात घालताना याच्या बोटांची सालं निघाली. मेहुण्याला फोन लावला, तो कुठल्यातरी विहिरीवर पंप बसवत होता, म्हणाला, ‘भावजी, ताळमेळ गेला असेल,’ आणि फोन कट.

ताळमेळ गेला असेल.

माणसाला टीव्ही लावायचा होता हो... बाकी काय मागितलं होतं त्यानं?

बायको म्हणाली, ‘राहू दे. आवाज तरी ठेवा. निदान ऐकू.’ तिचा आवाज जरा कापरा झाला होता, तेव्हा याला कळलं की हिलाही इतकी वर्षं काहीतरी गिळावं लागलंय. त्यानं आवाज ठेवला. तिघं काळ्या पडद्यासमोर बसली. तिघांची प्रतिबिंबं त्या काचेत, आणि काचेवर बायकोच्या फडक्याचा एक ओला पट्टा. एरवी यानं तो पट्टा आधी पुसला असता. आज नाही पुसला.

शिट्टी वाजली. आईनं मान वर केली. ‘ही तिची?’ ‘असेल.’ ‘तिचीच आहे,’ आई म्हणाली. ‘लहानपणीही अशीच छोटी नि ठाशीव हाक मारायची.’

मग सामना सुरूच झाला. समालोचक काय काय सांगत होता. हा शिट्टी आली की पुढे सरकायचा. दोन्ही संघ बरोबरीत, शेवटचा सेट, आणि एक चेंडू पडला. आत की बाहेर? तिनं शिट्टी दिली, बाहेर. आणि तुम्हाला सांगतो, काय गदारोळ उठला त्या पट्टीतून. अख्खं मैदान ओरडायला लागलं. समालोचक म्हणाला, ‘खेळाडू पंचांकडे धावलेत... कर्णधार वाद घालतोय... प्रेक्षक हुर्यो उडवताहेत.’ हुर्यो. त्याच्या मुलीची. घरातल्या खोलीत, पट्टीतून, चारी बाजूंनी. बायकोनं तोंडावर हात ठेवला. समालोचक म्हणाला, ‘पंच मात्र ठाम आहेत. हलल्यासुद्धा नाहीत. पण निर्णय बरोबर होता का, शंका आहे.’

‘बरोबर आहे,’ चष्मेवाला म्हणाला.

बायकोनं त्याच्याकडे बघितलं. हा माणूस, जो स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या जुन्या नंबरावरही विश्वास ठेवत नाही. ‘न बघता सांगताय?’

‘न बघता.’

आणि पुन्हा ती शिट्टी वाजली, छोटी, ठाशीव. गोंगाट हळूहळू खाली बसला. खेळ पुढे सुरू झाला. यानं चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकानं पुसला. सदऱ्याच्या टोकानं! दुसऱ्या कोणी तसं केलं असतं तर हा ओरडला असता.

आता शेवटचा गुण राहिला होता, आणि बायकोला राहवेना. तिनं याच्या मांडीवरचा रिमोट उचलला, ‘एकदाच,’ म्हणाली नि दाबला. आवाज गेला, निळा पडदा. खोली सगळी निळी. आईनं डोळ्यांवर हात धरला, ‘अरे, बंद करा तो उजेड, ऑपरेशनचा डोळा दुखतो माझा.’ हा उठला, टीव्ही बंद करायचं तर बटण कुठे आहे, म्हणून आपला तसाच टीव्हीला पाठ लावून, आईकडे तोंड करून, उजेड अडवत उभा राहिला. दोन्ही हात पसरून. आणि बायकोनं घाबरून पुन्हा बटण दाबलं.

याच्या पाठीमागे टीव्हीचा रिमोटचा इशारा टिपणारा तो छोटा डोळा झाकलेला. टीव्हीला काही कळलंच नाही. डबा जागा झाला. पट्टी जागी झाली. टीव्ही जागाच होता. या घरात पहिल्यांदा तिघंही एका वेळी जागे. आणि चित्र कुठे? याच्या पाठीवर.

‘सरका!’ बायको ओरडली. ‘अहो सरका, ती दिसतेय!’ आई खुर्चीत अर्धी उठली, ‘तीच आहे, तीच, केस बांधलेत,’ आणि मागून एवढी मोठी आरोळी उठली, म्हणजे शेवटचा गुण झाला. आणि हा? हा गोंधळून आधी डावीकडे सरकला, तर बायको डावीकडूनच बघत होती. मग उजवीकडे. मग वळला. वळून चष्मा डोळ्यांवर चढवेपर्यंत... सामना संपला होता, आणि त्याला दिसली ती स्टँडवरून उतरणारी एक पाठमोरी मुलगी. एक पांढरा बूट पायरीवर, दुसरा हवेत. मग जमिनीवर. दोन्ही कर्णधार तिच्यापुढे हात करून उभे, तो वाद घालणाराही. तिनं हात पुढे केला... आणि टूथपेस्टची जाहिरात लागली.

एवढंच. एवढंच दिसलं हो त्याला. पण तो बराच वेळ त्या दात घासणाऱ्या माणसाकडेच बघत उभा होता.

पुढच्या रविवारी मुलगी घरी आली. बॅग ठेवली, आजीच्या पाया पडली, आणि पाणी पीत पीत अगदी सहज विचारावं तसं विचारलं, ‘मग, दिसले का मी?’

हा म्हणाला, ‘दिसलीस. उतरताना.’

‘उतरतानाच? आणि त्याच्याआधी?’

‘ऐकलं.’

तिनं ग्लास ठेवला. ‘तो चेंडू... त्याच्यावरून फार बोलले लोक. पेपरातही आलं. तुम्हाला काय वाटलं बाबा? आत होता की बाहेर?’

हे बरं की हे बरं, असं आयुष्यभर दुसऱ्यांना विचारणाऱ्या माणसानं या वेळी क्षणभरही वेळ लावला नाही. ‘तू बाहेर म्हणालीस ना? मग बाहेर.’

तिनं नाक पुसलं, हसली, आणि आजीची खुर्ची उगाचच सरळ केली. मग म्हणाली, ‘पुढच्या महिन्यात अजून एक फायनल आहे माझी. ती टीव्हीवर नाहीये. मोबाइलवर बघायची असते, लिंक येते...’

‘नको,’ हा म्हणाला. ‘लिंक नको, टीव्ही नको, काही नको. तिथं बसायला बाक असतो ना? साधा बाक? मी तिथं येतो. दुकान बंद ठेवतो एक दिवस. मैदानावर येऊन बसतो आणि सरळ डोळ्यांनी बघतो.’

स्वयंपाकघरातलं भांड्यांचं वाजणं थांबलं. मुलगी त्याच्याकडे बघतच राहिली. ‘खरंच याल?’

‘तिकीट सांग कुठं मिळतं. आत्ता जाऊन काढून आणतो.’

‘नाही ओ बाबा, खिडकीवर नाही मिळत आता. फोनवर एक ॲप घ्यायचं, त्यात नाव भरायचं, जागा निवडायची...’ आणि तिनं त्याच्या चेहऱ्याकडे बघून आवाज अगदी मऊ केला. ‘फार काही नाही. फक्त एक ओटीपी येतो.’

तुम्हाला सांगतो, तो माणूस रागावला नाही, हसला नाही. त्यानं खिशातून फोन काढला, त्याच्या काचेवरचे ठसे नीट पुसले, तो तिच्या हातात दिला, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला,

‘मी इथंच बसलोय. आला की सांग.’